काठमांडूतली पेटी आणि अप्पांचा स्वेटर

आधीच सांगून टाकतो... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. हे वाक्य इथं अनुभव लिहिणारा प्रत्येकजणच लिहितो, मला माहीत आहे. पण माझ्या बाबतीत ते जरा जास्तच हास्यास्पद आहे, कारण मी विभूती, रुद्राक्ष, कापूर आणि लिंग गळ्यात बांधायचे शिवदोरे विकून पोट भरतो. गंगाखेडच्या पेठेत आमचं पूजा-साहित्याचं दुकान आहे. ते अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी टाकलं. ते श्रद्धेनं विकायचे, मी नुसता विकतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला स्वतःलाच हसू येत नाही.

तर, रुद्राक्ष येतो नेपाळातून. आता कुरिअरनं येतो. माझ्या लहानपणी अप्पा स्वतः जाऊन एकेक मणी बोटांत फिरवून निवडून आणायचे. आणि जायचे कधी, तर आमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की. आई, मी आणि माझी धाकटी बहीण उमा, असं सगळं बिऱ्हाड बरोबर घेऊन. गंगाखेडची पोरं मे महिन्यात मामाच्या गावाला ताडकळसला नाहीतर पालमला जायची आणि आम्ही जायचो काठमांडूला! वर्गात माझं नाव 'फॉरेन' पडलं होतं. आमचे भूगोलाचे सर तेवढे मला, म्हणजे बसवराजला, चिडवायचे, "जिथं जायाला पासपोर्ट लागत न्हाई ते कसलं रे फॉरेन, बसू?"

मनमाडहून गोरखपूरची गाडी, पुढं सोनौलीपर्यंत खडखडणारी बस, मग सरहद्दीच्या कमानीखालून पिशव्या घेऊन चालत पलीकडं आणि पुन्हा घाटातली बस. पोचेपर्यंत आईचं डोकं धरलेलं असायचं, उमाला उलट्या झालेल्या असायच्या. अप्पा मात्र ताजेतवाने. "आली हवा! घ्या छातीत भरून. गंगाखेडात ही इकत मिळत न्हाई."

पशुपतीच्या देवळाजवळ देवपाटनच्या एका बोळात दिदीचं घर होतं. दिदी म्हणजे आमची घरमालकीण. तिच्या वरच्या मजल्यावरची एक खोली महिनाभर आमची. लाकडी जिना इतका उभा की आई लुगडं सावरत, शिवा शिवा म्हणत चढायची. आई बरोबर ज्वारीचं पीठ न्यायची. तिची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिदीला इतकी आवडायची की पहिल्या दिवशी ती जिन्याखालूनच हाक मारायची, "आज रोटी बनेगा ना?" बदल्यात आम्हाला काफळं मिळायची, तिकडची डोंगरी फळं, लाल, आंबटगोड. खाऊन जीभ लाल झाली की उमा आरशासमोरून हलायची नाही.

आणि स्वेटर. हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तिकडं मे महिन्यातही सकाळ-संध्याकाळ, पाऊस पडून गेला की, आम्हाला हुडहुडी भरायची. पहिल्याच वर्षी दिदीनं आमची दया येऊन चौघांना स्वतःच्या हातानं स्वेटर विणून दिले. अप्पांचा चॉकलेटी, आईचा हिरवा, उमाचा पिवळा, माझा निळा. अप्पा धोतरावर तो चॉकलेटी स्वेटर आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून पहाटे पशुपतीला जायचे. तिथले लोक मे महिन्यात स्वेटर घातलेलं आमचं कुटुंब बघून हसायचे. अप्पा त्यांच्याबरोबर स्वतःही हसायचे. आम्ही पोरं वाढायचो, म्हणून दिदी दर वर्षी आमचे स्वेटर खालून उसवायची आणि हाताशी असेल त्या रंगाची लोकर लावून दोन बोटं वाढवायची. माझ्या निळ्या स्वेटरला खाली लाल, पांढरा, करडा, नारिंगी असे पट्टे पडत गेले. एका उन्हाळ्याचा एक पट्टा. असे सात झाले.

हे स्वेटर गंगाखेडला कधीच आले नाहीत. आमच्याकडे हिवाळ्यात थंडी पडत नाही असं नाही, पण तिला शाली होत्या, घोंगडी होती. स्वेटर काठमांडूचे आणि काठमांडूतच राहायचे. निघायच्या दिवशी अप्पा चारही स्वेटर घडी करून, डांबरगोळ्या टाकून हिरव्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, कुलूप लावायचे आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधायचे. आई दर वर्षी म्हणायची, "घेऊन चला की हो घरी." अप्पांचं उत्तर ठरलेलं. "पेटी हितं हाय म्हंजे यावंच लागतंय. ती नेली तर मंग कशाला येतो आपण?"

एका वर्षी किल्लीची वरची कडी तुटली. पेठेतल्या सोनारानं तिला तांब्याचं जाड कडं डाग मारून बसवून दिलं, जरा वाकडंच बसलं. लोखंडी किल्ली आणि वाकडं तांब्याचं कडं... तशी दुसरी असणं शक्य नाही. हे लक्षात ठेवा.

मी बारावीत असताना आई गेली. त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो नाही आणि पुढंही कधी गेलो नाही. अप्पा म्हणायचे, "तुझ्या आईशिवाय त्या जिन्यावरून कोन चढंल." पेटी तिकडंच राहिली. किल्ली मात्र अप्पांच्या करदोड्यालाच. करदोडा जुना व्हायचा, बदलायचा, किल्ली नव्या करदोड्यावर जायची. अंघोळ करून बाहेर आले की ती धोतराच्या गाठीशी खुळखुळायची. नेपाळात मोठा भूकंप झाला तेव्हा अप्पांनी जुन्या डायरीतला नंबर लावून दिदीला फोन केला होता. मागची भिंत पडली, माणसं वाचली, असं कळलं. मग जरा थांबून, लाजत विचारलं, "और दिदी... वो पेटी?" पेटी पण वाचली होती. त्या दिवशी अप्पांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला.

आता माझा भाग.

परवाच्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, अप्पांना थंडी वाजायला लागली. गंगाखेडचा मे! डांबर पायाला चिकटतंय, गोदावरीचं पात्र नुसती वाळू, कूलर गरम हवा फेकतोय... आणि अप्पा अंगावर शाल घेऊन बसलेले. "बसू, थंडी वाजायली रे. माझा स्वेटर कुठाय?" परभणीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही निघालं नाही. मी बाजारातून चांगला जाड स्वेटर आणून दिला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि बाजूला ठेवला. "ह्यो न्हवं. माझा. तिकडं पेटीत हाय." मग रोजचंच सुरू झालं, "एक डाव घेऊन चल. माझा स्वेटर घेऊ आन् येऊ."

डॉक्टरांनाही मी विचारलं. वाटलं होतं, ते नको म्हणतील आणि माझी सुटका होईल. तर ते म्हणाले, "न्या की. मन रमेल त्यांचं. हळूहळू न्या."

नाही नेलं. कारण काय सांगू... काही नव्हतंच. दुकान बंद ठेवायचं जिवावर आलं, एवढंच. लांबचा प्रवास, म्हातारा माणूस, एका स्वेटरसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार! एके दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो, शटर अर्धं खाली ओढलेलं. अप्पांनी विचारलं, "तिकटाचं काय झालं रे?"

मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो, "बघितलं की अप्पा. मिळंना गेलंय. समद्या गाड्या फुल्ल हायेत."

मी बघितलंच नव्हतं. ॲप उघडलंसुद्धा नव्हतं.

अप्पांनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "असू दे. त्यात तुझं काय चुकलं? मिळालं असतं तर नेलंच असतंस तू." पुढं त्यांनी तो विषय परत काढला नाही. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. बायकोलाही हे मी कधी सांगितलं नाही, उमालाही नाही.

मागच्या वर्षी महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी सकाळी चहा पिता पिता अप्पा गेले. हातातली बशी खालीसुद्धा पडली नाही.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. खड्ड्यात मीठ, विभूती, बेल घालतात. करदोडा तोडला तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. उमा सासरहून, पालमहून आली होती, तिनं ती पाहिली आणि तोंडाला पदर लावला. मला काय सुचलं कोण जाणे. विधी करणाऱ्या स्वामींनी अप्पांच्या डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, तेव्हा मी खाली उतरून उजव्या हातात ती किल्ली ठेवली आणि त्यांची बोटं माझ्या हातानं मिटली.

स्वामी म्हणाले, "हे काय रे?"

"त्यांच्या पेटीची किल्ली."

"जाणाऱ्याला पेटी कशाला अन् किल्ली कशाला, बसवराज? ...पण ठेव. तुझ्या मनाला बरं वाटत असंल तर ठेव."

काकांनी पाहिलं, उमानं पाहिलं, अजून चार माणसांनी पाहिलं. त्यावर मीठ पडलं, माती पडली.

त्याच वर्षी मे महिन्यात मी आणि उमा काठमांडूला गेलो. आता पेटी आणायला पाहिजे, असं माझं तुणतुणं सुरू होतं. उमा सगळ्या वाटेनं मला बोलत होती, "आता जायलास होय रे दादा? माणूस होता तवा काय पाय मोडले होते तुझे?" डायरीतला नंबर कधीचाच बंद पडला होता, म्हणून दिदीला ना अप्पा गेल्याचं कळवता आलं, ना आम्ही येतोय म्हणून. किल्ली नाही, म्हणून कुलूप तोडायला मी पिशवीत हातोडी घेतली होती.

बोळ सापडायला वेळ लागला, पण घर सापडलं. पुढची भिंत तीच, मागची नवी. दिदी अंगणात उन्हात बसली होती. पार वाळून गेलेली, पण डोळे तेच. तिनं आम्हाला बघितलं, उमाला ओळखलं, मग मला. आणि बसल्या जागेवरून काय म्हणाली असेल?

"अब आए तुम लोग? अप्पाजी तो आके चले भी गए!"

उमा मटकन ओट्यावर बसली. मला वाटलं, म्हातारीला वर्षांचा घोळ झाला असेल, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं सांगत असेल. मी विचारलं, कधी? तर म्हणाली, ह्याच वर्षी, शिवरात्रीला दोन-तीन दिवस होते, बाहेर साधूंची गर्दी सुरू झाली होती. भर दुपारी आले. तेच धोतर, तीच टोपी. "बहुत ठंडी लग रही थी उनको." सरळ वर गेले, पेटी उघडली, स्वेटर घालून खाली आले, इथं ह्या पायरीवर बसून चहा घेतला आणि "चलता हूँ दिदी" म्हणून पशुपतीच्या दिशेनं गेले.

शिवरात्रीला दोन-तीन दिवस. म्हणजे आम्ही माती देऊन पाच-सहा दिवस झाले होते.

दिदीची सून सरिता देवळापाशी फुलांचं दुकान लावते. ती तेव्हा घरी नव्हती. ती म्हणाली, "मैं लौटी तो दो गिलास धोने को पड़े थे. मैंने पूछा कौन आया, तो सासूमाँ बोलीं, गंगाखेडवाले. मुझे लगा ऐसे ही बोल रही हैं. फिर ऊपर गई तो पेटी खुली थी, चाबी ताले में लटक रही थी. मैंने सोचा, कोई आया तो होगा." झाकण तेवढं तिनं लावून ठेवलं होतं, बाकी कशाला हात लावला नव्हता.

मी जिना चढलो. कोपऱ्यात हिरवी पेटी. कोयंड्यात उघडं कुलूप. कुलपात किल्ली.

वाकडं तांब्याचं कडं.

दुसरी किल्ली असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगून पाहिलं. किल्ली काढून खिडकीशी धरली. कड्याच्या आणि लोखंडाच्या सांध्यात पांढरं काहीतरी अडकलं होतं. विभूती असेल म्हणून बोटानं काढून जिभेला लावलं. खारट लागलं... मीठ होतं ते.

पेटीत माझा सात पट्ट्यांचा निळा स्वेटर होता. उमाचा पिवळा होता, आईचा हिरवा होता. डांबरगोळ्या कधीच विरून गेल्या होत्या. चॉकलेटी स्वेटरची जागा रिकामी होती. उमा माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं आईचा स्वेटर उचलून तोंडावर धरला आणि मोठ्यानं रडली. लहानपणीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

काका म्हणतात, समाधी उकरून बघ, हातात किल्ली आहे का नाही ते. इथं वाचणाऱ्यांतलेही काहीजण तेच म्हणतील. मी उकरणार नाही. कोणी म्हणेल, म्हातारीला भास झाला. झाला असेल. मग चहाच्या दुसऱ्या ग्लासाचं काय? कोणी म्हणेल, सोनारानं दोन किल्ल्यांना कडी बसवली असतील. मग मिठाचं काय? मी महिनोन्‌महिने डोकं खाजवलंय, हाती काही लागलेलं नाही. आणि खरं सांगू का, किल्ली, मीठ, स्वेटर, हे सगळं एकवेळ मी बाजूला ठेवीन. एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

निघताना मी दिदीच्या पायाशी बसलो. विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं, "दिदी, अप्पा गुस्से में थे क्या? मेरे बारे में कुछ बोले?"

दिदीनं आठवून बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "गुस्सा? ना, ना. मैंने ही पूछा, बसू को क्यों नहीं लाए? तो बोले, उसको टिकट नहीं मिला. मिलता तो वो ज़रूर लेके आता."

अप्पा गेले, हे आम्ही दिदीला सांगितलंच नाही. त्या तिकिटाचं खरं काय ते तिला मी गोरखपूरच्या गाडीत सांगितलं. मनमाड येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मनमाडला डबा उघडला, पोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा."

पेटी आम्ही आणली नाही. कुलूप लावून तिथंच ठेवली. किल्ली आता माझ्या करदोड्याला आहे.

ह्या मे महिन्यात आम्ही दोघंही घरच्यांना घेऊन जाणार आहोत. परवा दुपारी दुकानात बसल्या बसल्या मी तिकिटं काढली. ॲप उघडलं, तारीख टाकली... दोन मिनिटं लागली नाहीत. हवी तेवढी मिळत होती.